बेळगावचा वाचक बेंगळूरच्या खात्यावर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी बातम्यांची संकेतस्थळं चालवणारी बरीच मंडळी आहेत. बहुतेकांचं कार्यालय म्हणजे एक खोली, दोन लॅपटॉप आणि भरपूर चहा. जाहिरात मागायला ती गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात जातात, तेव्हा दुकानदारापुढे मोबाइल धरून एक आलेख दाखवतात: महिन्याला एवढे व्हिजिटर, त्यातले एवढे नवे, सरासरी एवढा वेळ थांबले. दुकानदार आलेख पाहतो आणि विचारतो, "ते खरं हो, पण ह्यातले बेळगावातले किती?" मग शहरांचा रकाना उघडला जातो. त्यात वरच्या ओळीत बेंगळूर निघतं, खाली मुंबई, पुणे. बेळगाव आणखी खाली कुठेतरी.

दुकानदाराला वाटतं पोर्टलवाला गंडवतोय. पोर्टलवाल्याला वाटतं आपलंच गाव आपल्याला वाचत नाही. मोजणारी कंपनी मात्र या संभाषणात कुठेच नसते, आणि तिच्याबद्दल शंका घ्यायचं दोघांच्याही मनात येत नाही. माझं म्हणणं असं, की ही शंका आधी घ्यायला हवी. तिऱ्हाईत साधनांचे आकडे कल पाहायला ठीक आहेत. पुरावा म्हणून ते कुणापुढे ठेवू नयेत आणि कुणी मागूही नयेत. सीमाभागात तर गाव, भाषा आणि माणूस हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे तीन रकाने, तेच त्यात सर्वांत कच्चे असतात.

ही मोजणी चालते कशी, ते आधी पाहू. संकेतस्थळाच्या पानात कोडचा एक छोटा तुकडा टाकलेला असतो. वाचकाने पान उघडलं की त्याचा ब्राउझर तो तुकडा चालवतो आणि गुगल किंवा स्टॅटकाउंटरसारख्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरला निरोप धाडतो. निरोप पोचला तर भेट नोंदली गेली, नाही पोचला तर तो वाचक आलाच नव्हता. गुगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी 'गुगल ॲनालिटिक्स' फुकट देऊ केलं. फुकट म्हटल्यावर ते सगळ्यांनी लावलं. आता 'ॲनालिटिक्स दाखवा' म्हणजे 'वाचक दाखवा' असंच सगळे धरून चालतात.

निरोप वाटेत अडकण्याची कारणं कमी नाहीत. ब्रेव्हसारखा ब्राउझर असे तुकडे मुळातच अडवतो. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन लावलेल्या संगणकावरूनही बहुधा काही बाहेर जात नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जिथे रेंज एक काडी येते आणि जाते, तिथे मजकूर आधी दिसतो आणि मोजणीचा तुकडा मागून येतो. तो येईपर्यंत माणूस मथळा वाचून परत फिरलेला असतो. आयफोनचं वेगळंच. सफारी ब्राउझर २०१९ पासून अशा साधनांनी ठेवलेली ओळखखूण, म्हणजे कुकी, सात दिवसांत पुसतो. दहा दिवसांनी एकदा साइटवर येणारा आयफोनवाला दर खेपेला 'नवा वाचक' म्हणून नोंदला जातो. 'आमचे नवे वाचक वाढताहेत' या आनंदात अशा जुन्याच माणसांची भर किती, ते कुणी पाहत नाही.

उलट दिशेने यंत्रांची गर्दी. इम्पर्वा या कंपनीच्या अहवालानुसार २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या एकूण ये-जा पैकी जवळपास निम्मी स्वयंचलित बॉटची होती. (ही कंपनी बॉट रोखण्याची सेवाच विकते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.) यातले बरेच बॉट कोडचा तुकडा चालवतच नाहीत, म्हणून ते ॲनालिटिक्समध्ये दिसत नाहीत, काही चालवतात आणि दिसतात. काहींना तर साइटवर यायचीही गरज नव्हती. जुन्या ॲनालिटिक्समध्ये एखाद्या साइटचा खाते क्रमांक माहीत असला की दुरूनच खोट्या भेटी थेट गुगलच्या सर्व्हरवर ढकलता येत. २०१६ च्या नोव्हेंबरात जगभरच्या साइटमालकांनी आपला अहवाल उघडला तेव्हा वाचकांच्या 'भाषा' या रकान्यात भाषेच्या जागी 'ट्रम्प यांना मत द्या' अशी इंग्रजी ओळ होती. असली ओळ जिथे बिनदिक्कत शिरते, त्या रकान्यावरून आपण मराठी वाचक मोजतो.

आता गावाचा प्रश्न. साधनाला वाचकाचं गाव ठाऊक नसतं. त्याला दिसतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, आणि तो पत्ता कुठला असावा याचा अंदाज एका तयार यादीवरून काढलेला असतो. घरातल्या ब्रॉडबँडला हा अंदाज बरेचदा जमतो. मोबाइलला जमत नाही, कारण मोबाइल कंपन्या हजारो फोन मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात आणि ते पत्ते कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या नावावर असतात. मोबाइल सेवेसाठी देशाचे भाग पाडलेत, त्यांना दूरसंचार परिमंडळं म्हणतात; आपल्याकडचं परिमंडळ कर्नाटकाचं. त्यामुळे बेळगावच्या टिळकवाडीतला वाचक बेंगळूरचा ठरण्याची शक्यता दांडगी. शिनोळी तिथून अर्ध्या तासावर, पण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. परिमंडळ बदललं, म्हणजे तिथला वाचक मुंबईचा किंवा पुण्याचा. गोवाही महाराष्ट्राच्याच परिमंडळात. त्यात सीमेवर दोन-दोन सिम बाळगणारे कमी नाहीत. कोल्हापुरात घेतलेलं सिम घेऊन निपाणीत राहणारा, खानापूरचं सिम घेऊन मडगावला कामाला असणारा, यांना यंत्र कुठे टाकेल याचा नेम नाही. १९५६ साली आखलेली रेषा एका जागी आहे, टॉवरची रेंज दुसऱ्या जागी आणि आयपीची यादी तिसऱ्याच.

हा अंदाज किती बहकू शकतो याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पोटविनजवळच्या एका शेतघराचं आहे. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीने, पत्ता अमेरिकेतला आहे पण नेमका कुठला ते माहीत नाही, अशा सगळ्या पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिला होता. तो बिंदू नेमका त्या शेतावर पडला. साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घराच्या नावावर चढले. चोरीचे फोन, ऑनलाइन फसवणूक, हरवलेली माणसं, असल्या सगळ्या तपासांसाठी पोलीस वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत राहिले. २०१६ साली पत्रकारांनी हे शोधून काढलं, तेव्हा कुठे बिंदू हलवला गेला. 'माहीत नाही' हे उत्तर यंत्राला देता आलं असतं. त्याऐवजी त्याने एक ठिकाण ठोकून दिलं. बेंगळूर हे आपल्याकडचं तसंच ठिकाण आहे.

याचा एक गमतीशीर परिणाम होतो. काही पोर्टलं हा रकाना दाखवून राजधानीतल्या जाहिरातदारांना सांगतात, की आमचा मराठी वाचक बेंगळुरात मोठा आहे. मोह होणारच. तिथे मराठी माणसं आहेतही. पण त्या आकड्यात बेळगावातली किती आणि तिथली किती, हे त्या पोर्टलला सांगता येणार नाही, आणि ज्या कंपनीने आकडा दिला तिलाही नाही.

भाषेचा रकाना याहून घातक आहे, कारण आपल्याकडे भाषेच्या मोजणीवर तालुक्यांचं भवितव्य लटकलेलं आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही सीमा ठरवण्याची चतुःसूत्री सीमाभागातल्या कुठल्याही जाणत्या माणसाला झोपेतून उठवलं तरी म्हणता येते. जनगणना कोणती धरायची, १९५१ ची की नंतरची. घटक गाव धरायचा की तालुका. यावरून सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालापासून २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यापर्यंत वाद चालत आला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांतही आकडाच आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात त्यांचं प्रमाण १५ टक्के किंवा अधिक असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या. मोजणीचा घटक बदलला की निकाल बदलतो, हे आपल्याला शिकवायला कुणी बाहेरून यायला नको.

असं असताना ॲनालिटिक्सचा भाषेचा रकाना आपण मुकाट मान्य करतो. त्या रकान्यात भरतं काय, तर ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये पहिली निवडलेली भाषा. फोन विकत घेताना दुकानातल्या पोराने 'इंग्लिश' दाबून दिलेलं असतं आणि पुढची चार वर्षं ते तसंच राहतं. माणूस दिवसभर मराठी वाचतो, मराठी कीबोर्डवर मराठी लिहितो, मराठी पोर्टलवरची मराठी बातमी उघडतो आणि नोंद इंग्रजी वाचक म्हणून होते. शिरगणतीला आलेल्या माणसाने घरात न विचारता दारावरच्या पाटीची लिपी पाहून मातृभाषा लिहिली असती, तर बेळगावात मोर्चा निघाला असता. इथे नेमकं तेच होतं, दिवसातून हजारो वेळा, आणि तो तक्ता आपणच छापून जाहिरातदाराला देतो.

उद्या एखाद्या नगरपालिकेच्या किंवा बँकेच्या संकेतस्थळावर मराठी पानं असावीत अशी मागणी झाली आणि पलीकडून तक्ता पुढे आला, की मराठी सेटिंगवाले पाहणारे शंभरात एकही नाही, तर उत्तर काय देणार? उत्तर आहे, पण आजवर तोच तक्ता आपण आपल्या सोयीने वापरला असेल तर ते द्यायला तोंड उरत नाही. मराठीच्या बाजूने बोलणारेही यात मागे नाहीत. 'आमच्या पोर्टलला इतक्या लाख मराठी माणसांनी भेट दिली, यावरून सीमाभागात मराठी किती आहे ते बघा', अशा पोस्टी फिरत असतात. लाख भेटी म्हणजे लाख माणसं नव्हेत, आणि वाचणारा सीमाभागातलाच, याला आधार नाही. सीमालढ्यातल्या काळ्या दिनाच्या किंवा हुतात्मा दिनाच्या बातमीवर भेटी वाढल्या तर त्या सांगलीतून, ठाण्यातून, दुबईतूनही वाढलेल्या असतात.

माणसाची मोजणी तर मुळात होतच नाही. साधन ब्राउझर मोजतं. एकाच माणसाचा फोन, ऑफिसातला संगणक आणि बायकोचा फोन असे तीन 'युजर' होतात. उलट घरातल्या एका फोनवर आजोबा, सून आणि शाळकरी नातू वाचतात तो एकच 'युजर'. त्या ब्राउझरांचीही शिरगणती होत नाही. आजचं गुगल ॲनालिटिक्स युजरचा आकडा गणिती पद्धतीने अंदाजून देतं, ही गोष्ट गुगलने स्वतःच आपल्या माहितीपत्रांत लिहून ठेवली आहे. आणि सीमाभागातलं वाचन मुख्यतः चालतं व्हॉट्सॲपवर. दुवा तिथून उघडला तर कुठून आला ते साधनाला बरेचदा कळत नाही, भेट 'डायरेक्ट' म्हणून पडते. बातमीचा स्क्रीनशॉट किंवा वर्तमानपत्राची पीडीएफ गावच्या ग्रुपवर फिरली तर काहीच कळत नाही. येळ्ळूर किंवा कडोलीच्या साहित्य संमेलनातल्या भाषणाची बातमी पोर्टलवर थोड्यांनी उघडलेली दिसेल आणि तिचं कात्रण मात्र पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रुपवर गेलेलं असेल.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. काही सेटिंग चालू असताना, एखाद्या ओळीत माणसं फार थोडी असली तर गुगल ॲनालिटिक्स ती ओळ दाखवतच नाही. थोड्या माणसांतून व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण लहान गाव, लहान भाषा आणि विशिष्ट विषय असा छेद घेतला की आपण नेमके त्या कापलेल्या ओळींत असतो. मुंबई-बेंगळूरच्या ओळी तेवढ्या उरतात.

टीव्हीच्या बाबतीत हे आपण आधीच भोगलं आहे. मराठी वाहिन्यांचे आठवड्याचे आकडे बार्क ही संस्था 'महाराष्ट्र-गोवा' या बाजारपेठेचे म्हणून देते. बेळगावच्या शहापूर-वडगावात रोज रात्री मराठी मालिका लागतात, पण त्या यशाच्या हिशेबात ती घरं बसत नाहीत. आणि बार्क ही तर निदान वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून उभी केलेली संस्था. तिथेही २०२० साली मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफाराचा गुन्हा नोंदवल्यावर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे दीड वर्षाच्या आसपास बंद ठेवावे लागले. इंटरनेटवर मोजणाराच बहुधा जाहिरातही विकतो. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं, की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ ते दोन वर्षं फुगवून सांगत होते, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणाऱ्यांना हिशेबातून वगळलं जात होतं. जाहिरातदारांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये चार कोटी डॉलरवर तडजोड झाली. 'ॲलेक्सा रँक'चा दबदबा आठवत असेल. टूलबार बसवलेल्या मूठभर ब्राउझरांच्या नमुन्यावरून ती जगाची क्रमवारी लावायची आणि आपल्याकडची पोर्टलं तो आकडा मथळ्याशेजारी मिरवायची. १ मे २०२२ रोजी ती बंद झाली.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच फुसका नाही. चूक असू दे, पण ती सगळ्यांना सारखीच आहे ना? मग तुलना तरी करता येईल. एकच साइट, एकच साधन, एकच सेटिंग आणि थोड्या दिवसांचं अंतर, एवढ्या मर्यादेत हे मला मान्य आहे. मंगळवारच्या पावसाच्या बातमीला सोमवारच्या दुप्पट लोक आले, हे बहुधा खरंच असतं. पण दोन साइटींची तुलना केली की चूक सारखी राहत नाही. एकीचा वाचक तरुण, ॲडब्लॉकर लावणारा. दुसरीचा वाचक पेन्शनर, जुन्या अँड्रॉइडवर क्रोम वापरणारा. पहिली कमी दिसणार. एकीने पान दर मिनिटाला आपोआप ताजं होईल असं केलं की पानांची संख्या फुगते. एकीने तोच तुकडा चुकून दोनदा चिकटवला की सगळंच दुप्पट. ही चूक इकडेतिकडे विखुरलेली असती तर सरासरीत जिरली असती. ती एका बाजूला कललेली आहे: मोठ्या शहराकडे, इंग्रजीकडे, चांगल्या रेंजकडे.

आणि वर्षावर्षांची तुलना? १ जुलै २०२३ ला गुगलने जुनी पद्धत बंद केली आणि आधीच आणलेली नवी तेवढी ठेवली. जुनी 'भेट' हा पाया धरून मोजायची, नवी प्रत्येक हालचालीची वेगळी घटना मोजते. दहा सेकंद थांबलं तर वाचक 'गुंतलेला', असे नवे निकष आले. त्याच साइटचे दोन्हीकडचे आकडे जुळेनात. पुढच्या वर्षी जुना साठाही काढून टाकला गेला. ज्यांनी वेळेत उतरवून घेतला नाही त्यांच्या वाचकांचा कित्येक वर्षांचा इतिहास गेला, कारण तो त्यांच्याकडे कधी नव्हताच.

सरकारी जाहिरातींच्या यादीत संकेतस्थळं घेतानाही महिन्याचे 'युनिक युजर' हा निकष असतो. छापील वृत्तपत्रांचा खप तपासायला १९४८ पासून एबीसी ही संस्था आहे. तिचे लेखापरीक्षक कागदाची खरेदी, छपाई आणि विक्रीची बिलं तपासतात. तिच्यातही उणिवा काढता येतील, पण तिथे तपासायला कागद तरी असतो. लहान प्रादेशिक पोर्टलांना ब्राउझरांच्या अंदाजावर पात्र-अपात्र ठरवायचं असेल, तर त्या अंदाजासोबत साइटच्या स्वतःच्या सर्व्हरची नोंद मागणं हा किमान नियम हवा.

ही नोंद, म्हणजे लॉग, प्रत्येक सर्व्हर मुळातच ठेवत असतो. कोणतं पान कधी मागितलं गेलं ते त्यात असतं; वाचकाने काहीही अडवलं तरी पान मागितल्याशिवाय वाचता येत नाही. त्यात बॉटही येतात, म्हणून लॉगचा आकडा जास्तीचा आणि ॲनालिटिक्सचा बहुधा कमीचा. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ही पट्टी जाहिरातदाराला सांगणारं पोर्टल मला एकच भारदस्त आकडा सांगणाऱ्यापेक्षा विश्वासाचं वाटतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात, तेव्हा होस्टिंगवाल्याकडे 'नाहीत' असं उत्तर चालत नाही. मॅटोमोसारखं साधन आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. मग वाचकांची माहिती तिसऱ्याकडे जात नाही. सीमाप्रश्नावरची बातमी कोण, कधी, किती वेळ वाचतं हे परक्या कंपनीच्या वहीत असावं की नाही, हाही विचार आपल्या संपादकांनी करायला हरकत नाही.

गाव आणि भाषा मात्र लॉगमधूनही कळणार नाही, तिथेही आयपीचाच घोळ आहे. त्यासाठी विचारावं लागेल. वर्षातून एकदा पानावर दोन प्रश्नांची खिडकी उघडावी: गाव कोणतं आणि घरात कोणती भाषा बोलता. सगळे उत्तर देणार नाहीत, जे देतील ते उत्साही असतील. तेही आकड्याशेजारी लिहावं. जाहिरातीत पोर्टलसाठी वेगळा फोन नंबर द्यावा, म्हणजे कुंदा, ही बेळगावची मिठाई, कुठून मागवला गेला ते दुकानदाराला स्वतःला मोजता येईल. त्या खिडकीत जिल्ह्यांची तयार यादी देऊ नये, गाव लिहायला रिकामी जागा ठेवावी. नाहीतर शिनोळीचा माणूस पुन्हा कोल्हापुरात जमा होईल आणि त्याची रोजची बाजारपेठ असलेलं बेळगाव त्या तक्त्यात कुठे दिसणार नाही.